चोवीस मीटर

यमुनेनं हात वर केला तेव्हा मी फळ्यावर गतीचं तिसरं समीकरण लिहीत होतो. बापाचं तेरावं उरकून ती त्या दिवशी पहिल्यांदाच शाळेत आली होती. नववीच्या वर्गात अकरा मुलं. सकाळपासून त्यांच्यापैकी कुणी तिच्याशी धड बोललं नव्हतं. मीही बोललो नव्हतो. काय बोलावं ते सुचत नसलं की मास्तर फळ्याकडे तोंड करतो, तसं मी केलं होतं.

"सर," ती म्हणाली, "गाडीनं जोरात ब्रेक दाबला की रस्त्यावर टायरच्या काळ्या खुणा उठतात. त्या खुणांवरून गाडी किती वेगात होती ते निघतं का?"

कोणत्या गाडीबद्दल ती विचारते आहे हे प्रत्येकाला ठाऊक होतं. घाटातल्या वळणाखाली त्या खुणा अजून होत्या, येता-जाता सगळ्यांना दिसायच्या. अभ्यासक्रमात हे नाही, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मी म्हणालो, "निघतं. आपण काढू."

हे मी तिच्यासाठी म्हणालो नव्हतो. रामनाथसाठी म्हणालो होतो. टेम्पो पंचवीस-तीसच्या वेगात होता असं रामनाथनं सगळ्यांना सांगितलं होतं आणि माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता. एकदा आकडा फळ्यावर आला की पोरीच्या मनातली शंका जाईल, असं मला वाटलं.

ही एक्याण्णव सालच्या मार्चमधली गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो. उमरेडकडचा माणूस, नोकरीसाठी थेट सह्याद्रीच्या कुशीत, उंबरदरीला येऊन पडलो होतो. शाळा दहावीपर्यंत, शिक्षक चार. बाकीचे तिघं तालुक्याहून मोटारसायकलनं ये-जा करायचे. साडेचारला शाळा सुटली की पाचच मिनिटांत त्यांच्या गाड्यांचा आवाज खालच्या वळणावर विरून जायचा आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत मी आणि माझी खोली. गावातली माणसं वाईट नव्हती. रस्त्यात भेटली की नमस्कार करायची, बाजूला व्हायची. पण कुणी थांबायचं नाही. माझी बोली त्यांना परकी आणि त्यांची मला. मी "शिकवून राहिलो" म्हटलं की पोरं तोंड लपवून हसायची. पहिल्या पावसाळ्यात तर मी गणितं मोठ्यानं सोडवायला लागलो, खोलीत माणसाचा आवाज असावा म्हणून.

त्या गावात माझ्यासारखाच परका असा एकच माणूस होता, रामनाथ. त्याचं घर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला, नदीपलीकडे. बायको आणि मुलगी तिकडे, आणि हा इथं दुधाच्या टेम्पोवर. पहाटे चार वाड्यांवरचे दुधाचे कॅन गोळा करायचा, तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचा आणि बाराच्या आत रिकामे कॅन घेऊन परत. येताना माझ्यासाठी वर्तमानपत्र आणायचा. ते संध्याकाळी माझ्या उंबऱ्यावर बसून द्यायचा, आणि मग अर्धा तास आम्ही बोलायचो. तो अर्धा तास नसता तर मी पहिल्याच दिवाळीत पळून गेलो असतो.

रामनाथ चौथी शिकलेला, पण मी वर्गात जे शिकवायचो त्यातलं निम्मं त्याच्या हातापायांना आधीच माहीत होतं. एकदा त्यानं सांगितलं, अर्धवट भरलेला कॅन कधी चढवू नये. ब्रेक दाबला की आतल्या दुधाच्या लाटा पुढं धडकतात, पुन्हा मागं येतात, आणि उतारावर गाडी हाताबाहेर ओढतात. मी म्हणालो, याला जडत्व म्हणतात. त्याला त्याचं मोठं नवल वाटलं. "याला नाव पण आहे व्हय," म्हणून तो बराच वेळ हसत होता.

बदलीसाठी अर्ज करा असं मला त्यानंच सुचवलं. आमच्या संस्थेची शहरात मोठी शाळा होती. तिथं विज्ञानाची जागा निघाली होती. "इथं तुम्ही वाळून जाल सर," तो म्हणायचा. शेवटी मी अर्ज लिहिला. टपालाचा भरवसा नव्हता म्हणून पाकीट एका सकाळी त्याच्याच हातात दिलं, तालुक्याला संस्थेच्या कार्यालयात नेऊन दे म्हणून.

अपघात फेब्रुवारीच्या शेवटी झाला, दुपारी तीनच्या सुमाराला. यमुनेचा बाप, लहानू गभाले, डोक्यावर गवताचा भारा घेऊन घाटातून वर येत होता. रामनाथचा रिकामा टेम्पो खाली चालला होता. टेम्पोनं त्याला उडवलं. रामनाथनं स्वतःच त्याला उचलून टेम्पोत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी लहानू तिथंच वारला. मग रामनाथ आपल्या पायांनी पोलीस चौकीत जाऊन बसला. पंचनामा झाला, जामीन झाला, आणि आठव्या दिवशी टेम्पो सुटून पुन्हा दूध वाहायला लागला.

गावानं तोवर आपला निकाल लावून टाकला होता. लहानू प्यालेला होता, वळणावर झोकांड्या खात अचानक आडवा आला, त्यात बिचारा ड्रायव्हर काय करणार. हे प्रथम कोण बोललं ते कधीच कळलं नाही. पण चाळीस घरांचं दूध त्या टेम्पोत जात होतं, आणि तो टेम्पो चालायला हवा होता. मला मनात एकच गोष्ट खटकत होती, की दुपारच्या वेळी रिकामा टेम्पो घेऊन रामनाथ खाली का निघाला होता. पोलिसांना त्यानं सांगितलं, जादा टायर पंक्चर होतं, ते काढायला. मी पुढे विचारलं नाही.

तर यमुनेनं प्रश्न विचारला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी अख्खा वर्ग घेऊन घाटात गेलो. सुताराकडून मोजपट्टी मागून घेतली. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट होतं. त्यातला मोठा ताणकाटा घेतला. जुन्या टायरचा एक तुकडा कापून त्यावर दगडांचं पोतं बांधलं, सगळं मिळून बरोबर दहा किलो. ते त्याच डांबरावरून ओढायचं आणि काटा काय दाखवतो ते वाचायचं. मुलं खुशीत होती. चार भिंतींबाहेर पडलेला वर्ग असतो तसा गलका चालला होता. काटा सहावर स्थिरावला. दहाचा भार सरकवायला सहाचं बळ, म्हणजे रस्त्याचं घर्षण चांगलंच होतं. मी वहीत लिहिलं.

मग खुणा मोजायच्या होत्या. मोजपट्टीचं एक टोक मी खुणांच्या सुरुवातीला धरलं. दुसरं टोक कुणी घ्यायचं यावर मुलं थबकली. यमुनेनं ते माझ्या हातातून घेतलं आणि ती उतारावरून चालत गेली. एका ठिकाणी रस्त्यावर माती टाकलेली होती. पावसाळा लांब होता, ती माती अजून तशीच होती. तिथं ती थांबली.

"इथं बाला धडक बसली, इथंच तो पडला," ती म्हणाली.

"किती झाले?"

"अठरा."

पुढे खुणा आणखी सहा मीटर गेल्या होत्या. एकूण चोवीस. परत येताना गलका थांबला होता.

वर्गात मी गणित मांडलं. थांबताना गाडीचा वेग दर सेकंदाला किती कमी होत गेला असेल ते घर्षणावरून आलं. अंतर चोवीस मीटर. गुणाकार केला, वर्गमूळ काढलं, सेकंदाचं तासात रूपांतर केलं. मुलं माझ्याबरोबर वहीत करत होती, त्यामुळे आकडा माझ्या हातून आणि त्यांच्या हातून एकदमच उतरला. एकसष्ट.

मला वाटलं कुठंतरी गफलत झाली. मी उलट तपासत गेलो. मग एकदम लक्षात आलं, की रस्ता उताराचा आहे, आणि उतारावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. त्याची सूट द्यायला हवी. दहा मीटरला एक मीटर उतार होता, तो धरला. माझा हात भराभर चालत होता. उत्तर आलं छप्पन्न.

माझ्या हातात आणखी कुठलीच सूट नव्हती. आणि खरं म्हणजे छप्पन्नपेक्षाही वाईट गोष्ट त्या मोजपट्टीवर होती. टेम्पो तीसच्या वेगात असता तर सात मीटरमध्ये उभा राहिला असता. लहानू अठरा मीटरवर होता. म्हणजे रामनाथनं ब्रेक दाबला तेव्हा त्याला लहानू लांबूनच दिसला होता. अचानक कुणी आडवं आलेलं नव्हतं.

मी डस्टर उचललं.

"घर्षणाचं माप चुकलेलं दिसतं," मी म्हणालो. "पोतं हलकं होतं. खऱ्या गाडीला हे लागू होत नाही." आणि फळा पुसून टाकला.

यमुना वहीतल्या आकड्याकडे बघत होती. मला वाटलं ती भांडेल, निदान विचारेल तरी. माप चुकलं असतं तर ते पुन्हा घेता आलं असतं, हे तिच्यासारख्या मुलीला कळत होतंच. पण तिनं पेन्सिलीनं त्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली.

"बरं सर," ती म्हणाली.

त्या दिवशी साडेचारनंतर मी खोलीत बसलो आणि मला तिचं ते "बरं सर" पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. रामनाथ नेहमीच्या वेळी आला. ऊन अजून कौलांवर होतं. त्यानं वर्तमानपत्र दिलं, उंबऱ्यावर बसला, पाणी मागितलं. आम्ही घाटात मोजपट्टी लावली हे त्याला कळलं होतं. लहानशा गावात ते कळायचंच.

मी त्याला सगळं सांगितलं. दगडाचं पोतं, ताणकाटा, उताराची सूट. तो लक्ष देऊन ऐकत होता, नेहमी ऐकायचा तसा. छप्पन्न म्हटल्यावर त्यानं मान हलवली.

"गाडीचा काटा साठच्या आसपास व्हता," तो म्हणाला. "बरोबर काढलंत."

"मग तीस का सांगितलं?"

"सगळे तीसच सांगतात सर. तोंडातून निघून गेलं. मग पुढं लोकच बोलायला लागले, लहानू प्यालेला व्हता, आडवा आला. मी तसं बोललो नाही. पण नाही असंबी म्हटलं नाही." मग तो म्हणाला, "तो प्यालेला नव्हता. मी त्याला उचलला तेव्हा त्याच्या तोंडाला वास नव्हता."

मी विचारलं, रिकामी गाडी एवढी पळवायचं कारण काय होतं. ब्रेक फेल झाला होता का, कुणी आजारी होतं का. त्यानं लोटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, त्यात पाणी उरलेलं नव्हतं तरी तोंडाला लावली.

"पंक्चरचं खरं नव्हतं ना?" मी म्हणालो.

मग त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. पंधरा दिवस तो त्याच्याजवळ होता, पण मला द्यायचा धीर त्याला झाला नव्हता. ती माझ्या अर्जाची पोच होती. संस्थेच्या कार्यालयाचा शिक्का, खाली कारकुनाची सही आणि तारीख. तारीख लहानूच्या अपघाताची होती.

"सकाळी दुधाच्या घाईत पाकीट द्यायचं राहूनच गेलं व्हतं," तो म्हणाला. "बाराला इथं येऊन कॅन उतरवले, जेवून झोपलो. उठून गाडी झाडायला घेतली तर शिटाखाली दिसलं. शेवटची तारीख तीच, तुम्ही वर लिहूनच दिलं व्हतं. हापिस चारला अर्ज घ्यायचं बंद करतं. तीन वाजून गेले व्हते."

मी तारीख पुन्हा एकदा वाचली.

"त्याला दवाखान्यात आत नेलं. मला म्हणाले, बाहेर बस. बाहेर बसून मी काय करणार व्हतो? पाकीट खिशात व्हतं. हापिस तिथनं दोन मिनटांवर. म्हटलं, निदान एवढं तरी होऊ दे. दिलं, शिक्का घेतला, परत येऊन बसलो. मग डॉक्टर बाहेर आले."

त्याच्या सदऱ्याची बाही कोपराजवळ उसवलेली होती आणि ती तो बोलता बोलता दुमडत होता. मी त्याला सांगितलं, की मी फळा पुसला आहे, पण तो तसा ठेवता येणार नाही. पोरीला मी खोटं सांगितलं आहे. उद्या मला खरं सांगावं लागेल, आणि मग ते वर्गातच राहणार नाही.

"सांगा," तो म्हणाला. "तुम्ही मास्तर आहात." त्याच्या आवाजात राग नव्हता. तो उठला, चपला घातल्या, आणि नेहमीसारखं "येतो" म्हणाला. पुन्हा तो माझ्या उंबऱ्यावर कधी बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तेच गणित पहिल्यापासून लिहिलं. मुलांना म्हणालो, काल माप चुकलं नव्हतं, मी खोटं बोललो. कुणाला तरी वाचवायचं म्हणून बोललो. उत्तर छप्पन्नच आहे.

यमुना उभी राहिली. "म्हणजे बा आडवा आला नव्हता?"

"नाही. ब्रेक दाबला तेव्हा ते अठरा मीटरवर होते. रामनाथला ते दिसत होते."

"आणि टेम्पो हळू असता तर?"

"तर त्यांच्या अकरा मीटर अलीकडे थांबला असता."

"बा प्यालेला नव्हता, सर."

"ते गणितातून निघत नाही," मी म्हणालो. "पण रामनाथ मला म्हणाला, की नव्हता. तो हे पोलिसांपुढेही सांगेल असं मला वाटतं."

ती खाली बसली. मधल्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं, तर ती मैदानात एकटीच मोठी मोठी पावलं टाकत चालली होती. अकरा पावलं झाली की थांबायची, वळून मागं बघायची. मग पुन्हा पहिल्यापासून.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. तिची आई, ठकूबाई, अंगणात नाचणी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, आणि माझ्या पाकिटाचंही सांगितलं. टेम्पो माझ्या कागदापायी पळत होता, असं म्हणालो. यमुना दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ठकूबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमचा कागद पोचला का?"

"पोचला."

तिनं मान हलवली आणि सूप उचलून ती आत गेली.

तालुक्याच्या चौकीत मी जबाब दिला. हवालदारानं माझी आकडेमोड दोनदा समजावून घेतली आणि सरळ अक्षरात उतरवून काढली. शेवटी मी म्हणालो, आणखी एक लिहून घ्या, तो माझं काम करायला चालला होता, घाई माझ्यामुळे होती. त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, घाई कशाची होती ते आम्हाला विचारायचं नसतं सर, वेग किती तेवढं पुरे. आणि मला सही करायला सांगितली.

पण माझा जबाब कोर्टात वाचायची वेळच आली नाही. रामनाथनं पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. वेग साठ होता, माणूस समोर दिसत होता, तो शुद्धीत होता, सगळं सांगून टाकलं. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. मी त्या दिवशी कोर्टात गेलो नव्हतो. हे सगळं मला मोटारसायकलवाल्या शिक्षकांनी सांगितलं.

उंबरदरीला दुसरा टेम्पो मिळायला दीड महिना लागला. ऐन उन्हाळ्यात चाळीस घरांचं दूध घरात राहिलं. बायका खवा आटवून थकल्या, मग दूध जनावरांपुढे ओतायला लागल्या. सरपंच एकदा शाळेत येऊन गेले. आवाज न चढवता म्हणाले, मास्तर, पोरांना पुस्तकातलं शिकवावं. मला रोज पावशेर दूध घालणारी बाई त्या दिवसांत दूध नाही म्हणाली. मी तिच्या दारात उभा होतो, आणि आत कढई भरून दूध उतू जात होतं, त्याचा वास बाहेर येत होता. ती म्हणाली, नाहीच. मी बरं म्हणून परत आलो आणि पुढे नऊ वर्षं कोरा चहा प्यायलो.

मे महिन्यात संस्थेचं पत्र आलं. बदली मंजूर झाली होती. जूनच्या दहा तारखेला शहरातल्या शाळेत हजर व्हावं. मी ते दोन दिवस टेबलावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी उलट कळवलं, की वैयक्तिक अडचणीमुळे येऊ शकत नाही, जागा दुसऱ्या कुणाला द्यावी.

पुढच्या वर्षी यमुना दहावीला बसली. शास्त्रात तिला एक्क्याऐंशी गुण मिळाले. निकालाच्या दिवशी तिनं गुणपत्रिका माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी ती वाचली. मी "शाब्बास" म्हणालो. तिनं गुणपत्रिका उचलली, दारापर्यंत गेली, तिथं क्षणभर थांबली, आणि गेली. पुढे ती परिचारिकेच्या शिक्षणाला गेली असं ऐकलं.

मी लग्न केलं नाही. करायचं नाही असं कधी ठरवलं नव्हतं, ते राहून गेलं. दोन हजार साली आई फार थकली म्हणून मी उमरेडकडे नोकरी मिळवली. कामानिमित्त पुन्हा त्या बाजूला गेलो ते दोन हजार पाच साली, संस्थेकडून माझ्या जुन्या नोकरीचे काही कागद हवे होते म्हणून. काम आटपून दुपारी मी संगमनेरच्या स्टँडवर बसलो होतो, तेव्हा शेजारच्या बाकड्यावरून कुणीतरी म्हणालं, "सर, वळखलं का?"

मिशा पूर्ण पांढऱ्या झाल्या होत्या. हातात औषधांची पिशवी होती. रामनाथ सरकून माझ्या बाकड्यावर येऊन बसला. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. तो आता सासुरवाडीला शेती करत होता, गाडी पुन्हा कधी चालवली नाही. मुलगी चांगल्या घरी पडली होती. पित्ताचा त्रास होता, त्याची औषधं न्यायला आला होता. माझं काय चाललं आहे ते त्यानं विचारलं, मी ठीक म्हणालो. मग आम्ही समोर लागणाऱ्या गाड्या बघत बसलो.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "कैक वर्षं मनात आहे."

"विचार."

"त्या शाळेवर गेलात ना तुम्ही? शहरातल्या?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, पिशवीची गाठ सोडत-बांधत होता.

"आत असताना मी रोज हेच म्हणायचो," तो म्हणाला. "वाईट झालं. माझ्या हातनं माणूस गेला, त्याला काही इलाज नाही. पण सर त्या खोलीतनं सुटले असतील. आता त्यांना बोलायला माणसं असतील. एवढं एकच बरं वाटायचं बघा. त्यावर मी सहा महिने काढले."

समोरच्या गाडीत माणसं चढत होती. एक म्हातारी कोंबडी काखेत धरून कंडक्टरशी हुज्जत घालत होती.

"गेलो की," मी म्हणालो. "जूनच्या दहा तारखेलाच हजर झालो."

"मोठी आहे?"

"मोठी. दोन मजली. विज्ञानाची वेगळी खोली आहे, तिला चार खिडक्या. आम्ही तेवीस शिक्षक होतो."

"तेवीस!"

"दुपारी सगळे एकत्र डबे खायचो. एक मराठीचे सर होते, ते फार बोलायचे. त्यांना गप्प कसं करायचं हाच प्रश्न असायचा."

रामनाथ हसला. जडत्वाच्या वेळी हसला होता तसाच, आवाज न करता, खांदे हलवत. त्यानं पिशवी मांडीवरून खाली ठेवली आणि पाय लांब केले.

"आणि राहायला?"

"शाळेच्या मागंच. शेजारी एक कुटुंब होतं. त्यांच्याकडून संध्याकाळी हाक यायची, चहाला."

"दुधाचा?"

"दुधाचा."

त्याची गाडी सुटायला अजून दहा मिनिटं होती. "सांगा ना आणखी," तो म्हणाला, आणि मी सांगत राहिलो.